भुसा ओढणाऱ्या यंत्राची पेटी : आवाज अडवायचा, हवा नाही



सहावीपासून पुढे विज्ञानाच्या पुस्तकात ध्वनी हा विषय परत परत येतो. कंपनातून ध्वनी निर्माण होतो, तो माध्यमातून पसरतो, कानावर आदळतो, हे मुलं पाठ करतात. पण "नको असलेला आवाज अडवायचा कसा?" असं विचारलं की वर्गातून दोनच उत्तरं येतात. एक, "दार लावायचं." दुसरं, "कानात कापूस घालायचा." गंमत अशी की दोन्ही उत्तरं अर्धी बरोबर आहेत. ती पूर्ण कशी करायची, ते आज एका खऱ्याखुऱ्या उदाहरणातून पाहू.

उदाहरण निवडलंय फर्निचरच्या शेडमधलं. आपल्या शाळांमधल्या कितीतरी पालकांचा सुतारकामाचा धंदा घरालगतच्या शेडमध्ये, नाहीतर गाडी लावायच्या जागेत चालतो. सावंतवाडीकडे तर लाकडी खेळण्यांचं काम घराघरांत होत आलंय. करवत, रंधा मशीन, घासाईचं मशीन आणि त्यांच्या जोडीला भुसा ओढणारं यंत्र, म्हणजे डस्ट कलेक्टर. हे शेवटचं यंत्र आवाजाचं आहे. भिंतीपलीकडे मुलगी अभ्यासाला बसलेली असते, शेजारी म्हातारं माणूस झोपलेलं असतं. मग या यंत्राला पेटीत बंद करायचं ठरतं. ती पेटी कशी असावी, हा आजचा पाठ.

आधी यंत्र समजून घेऊ

डस्ट कलेक्टरची रचना सोपी आहे. एक मोटर असते, तिच्या दांड्यावर लोखंडी पात्यांचा पंखा असतो आणि पंख्याभोवती पत्र्याचं गोल घर असतं. पंखा फिरला की पाइपातून हवा जोरात आत ओढली जाते. करवतीजवळचा भुसा त्या हवेबरोबर येतो. जड भुसा खालच्या पिशवीत पडतो, आणि हवा वरच्या जाड कापडी पिशवीतून गाळून बाहेर पडते. म्हणजे हा आपल्या घरातल्या झाडू मारायच्या व्हॅक्यूम क्लीनरचा मोठा भाऊच.

याचा आवाज तीन जागांहून येतो. पहिला मोटरचा. दुसरा पंख्याच्या पात्यांचा, कारण प्रत्येक पातं हवेला थाप मारतं. तिसरा वेगाने धावणाऱ्या हवेचा, तो सुसाट 'हूऽऽ' असा आवाज. यातल्या पात्यांच्या आवाजाचं गणित वर्गात करता येतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे अशी मोटर मिनिटाला साधारण २८५० फेरे घेते. ६० ने भागलं की सेकंदाला ४७.५ फेरे. पंख्याला ६ पाती असतील तर सेकंदाला ४७.५ × ६ = २८५ थापा. म्हणजे २८५ हर्ट्झ वारंवारितेचा, घोगऱ्याकडे झुकणारा सूर. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला तर या सुराची तरंगलांबी ३४० ÷ २८५, म्हणजे जवळजवळ १.२ मीटर येते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आवाजाचा छातीशी काय संबंध?

काही जण म्हणतील, एवढा त्रास आहे तर यंत्र लावूच नका, भुसा झाडूने गोळा करा. खरा धोका इथेच आहे.

डोळ्यांना दिसतो तो जाड भुसा खाली पडतो. त्याचा फारसा त्रास नाही. त्रास आहे तो घासाई करताना उडणाऱ्या पिठासारख्या धुळीचा. ती सगळी नाकात अडकत नाही, काही खाली फुफ्फुसात जाते, आणि हवेत बराच वेळ तरंगत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची नोंद माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली. मुख्यतः नाकाच्या आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आढळला आहे. दमा, सततची सर्दी, डोळ्यांची आग हे तर रोजचंच.

म्हणजे भुसा ओढणारं यंत्र हे चैनीची वस्तू नाही. पण ते कानाशी भणभणत असलं की माणूस काय करतो? "दोनच फळ्या कापायच्यात, कशाला चालू करू?" म्हणतो. रात्री आठनंतर "पोरगी अभ्यासाला बसलीय" म्हणून बंद ठेवतो. काम संपलं रे संपलं की पहिलं बटण त्याचं बंद करतो, आणि हवेत तरंगणारी धूळ तशीच राहते. घरच्यांच्या काळजीपोटी केलेली ही गोष्ट त्याच्याच छातीवर बसते. म्हणून पेटी नीट करायची ती केवळ शांततेसाठी नाही. यंत्र बंद ठेवायचं कारणच उरू नये, यासाठी करायची.

डेसिबलची भाषा

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. मुलांना (आणि आपल्यालाही) इथे एक गोष्ट अवघड जाते. डेसिबलची बेरीज साध्या बेरजेसारखी होत नाही. ८५ डेसिबलचं एक यंत्र आणि त्याशेजारी तसंच दुसरं ८५ चं लावलं तर १७० होत नाहीत, ८८ होतात. ऊर्जा दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात. दहापट झाली की १० वाढतात. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठी वाटते. उलट बाजूने बघा, पेटीने १० डेसिबल कमी केले तर आवाज निम्मा झाल्यासारखा वाटेल.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लहान उगमाचा आवाज ६ डेसिबलने उतरतो. समजा यंत्रापासून १ मीटरवर ८० डेसिबल आहेत. मग २ मीटरवर ७४, ४ मीटरवर ६८, ८ मीटरवर ६२. आता आपल्या देशातले २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम बघा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे दहा ते सकाळी सहा, ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ८ मीटरवरच्या शेजाऱ्याकडे ६२ पोचत असतील तर दिवसाही ते जास्तच झाले. पेटीने १२ डेसिबल जरी उतरवले तरी ते ५० वर येतात.

शिक्षक म्हणून आणखी एक आकडा आपल्या कामाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वर्गात शिकवणं चालू असताना मागचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा. घरी अभ्यास करणाऱ्या मुलालाही कान तेच असतात.

पेटीची चार कामं

"आवाज बंद करायचा" हे एकच काम वाटतं, पण प्रत्यक्षात ती चार वेगवेगळी कामं आहेत. एका कामाचं साहित्य दुसऱ्या कामाला चालत नाही. बहुतेक फसलेल्या पेट्यांमध्ये नेमका हाच घोळ असतो.

*पहिलं काम : अडवणं. याला वजन लागतं.*

ध्वनी भिंतीवर आदळतो तेव्हा भिंतीला हलवायचा प्रयत्न करतो. भिंत हलली की पलीकडची हवा हलते आणि आवाज पलीकडे जातो. भिंत जड असेल तर ती कमी हलते. दर चौरस मीटरला वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल जास्त अडतात. १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचं वजन चौरस मीटरला १३ किलोच्या आसपास भरतं. त्याउलट थर्माकोलची जाड लादी लावली तरी किलोभरसुद्धा भरत नाही. म्हणून थर्माकोल आवाज अडवत नाही. तो थंडी अडवतो, आवाज नाही. अंड्यांचे ट्रे लावतात तेही असेच. कागदाच्या लगद्याला वजन कुठलं? वर ते पेट घेतात ते वेगळंच.

इथे जागेचा विचार करा. कोकणात, पावसाची ओल असते तिथे एमडीएफ फुगतं. तिथे पाण्याला टिकणारं चांगलं प्लाय घ्यावं.

*दुसरं काम : फट बुजवणं.*

आवाजाला मोठं भोक लागत नाही. हे मुलांकडून गणितानेच सोडवून घ्या. पेटीचं दार ९० सेंटीमीटर रुंद आणि १८० सेंटीमीटर उंच आहे. चारही बाजूंनी ३ मिलिमीटरची फट राहिली. परिमिती झाली ५४० सेंटीमीटर. फटीचं क्षेत्रफळ ५४० × ०.३ = १६२ चौरस सेंटीमीटर. दाराचं क्षेत्रफळ ९० × १८० = १६२०० चौरस सेंटीमीटर. म्हणजे फट बरोब्बर १ टक्का.

फक्त एक टक्का! पण आवाजाच्या हिशेबात १ टक्का उघडं म्हणजे शंभरातला एक भाग ऊर्जा सरळ बाहेर. शंभरावा भाग म्हणजे २० डेसिबल. दार प्लायचं असो की पोलादाचं, त्याला २० डेसिबलपेक्षा जास्त अडवता येणारच नाही. जे दार एरवी मधल्या सुरांना २५-३० डेसिबल अडवू शकलं असतं, त्याची सगळी मेहनत त्या फटीने वाया घालवली. म्हणून दाराच्या चौकटीला रबराची पट्टी हवी आणि दार तिच्यावर दाबून बसेल अशी कडी हवी. बाकीचे सांधे सिलिकॉनने भरायचे. वायर जाते ते भोकही भरायचं.

या दाराचं वजन काढा : १.६२ चौरस मीटर × १३ = सुमारे २१ किलो. त्यामुळे बिजागऱ्या दणकट आणि किमान तीन लागतील. दार लोंबलं की फट उघडली.

*तिसरं काम : शोषणं. याला मऊ, सच्छिद्र वस्तू लागते.*

शाळेचा रिकामा हॉल आठवा. टाळी वाजवली की आवाज घुमत राहतो. त्याच हॉलमध्ये दोनशे मुलं बसली की घुमणं कमी होतं, कारण कपडे आणि माणसं आवाज शोषून घेतात. टणक पेटीत यंत्र ठेवलं की ती त्या रिकाम्या हॉलसारखी वागते. आवाज आतल्या आत आपटत राहतो आणि पेटीच्या आतली पातळी वाढते. म्हणून आतून अस्तर लावायचं. ५० मिलिमीटर जाडीची दगडी लोकर, म्हणजे रॉकवूल, याला चांगली. तिच्या बारीक धाग्यांच्या पोकळ्यांत हवा घासली जाते आणि ध्वनीची ऊर्जा अगदी थोड्या उष्णतेत बदलते. ऊर्जेचं रूपांतर शिकवताना हे उदाहरण वापरता येईल.

पण लक्षात घ्या, लोकर शोषते, अडवत नाही. नुसती लोकर लटकवून शेजाऱ्यापर्यंत जाणारा आवाज थांबत नाही. आता मघाचा १.२ मीटर हा आकडा आठवा. बारीक, किरट्या आवाजाची तरंगलांबी काही सेंटीमीटरच असते, त्याला ५ सेंटीमीटरचं अस्तर पुरतं. १.२ मीटर लांबीच्या तरंगाला हे अस्तर फार पातळ पडतं. म्हणून पेटी झाल्यावर सुसाट आवाज गेल्यासारखा वाटतो आणि घोगरी घरघर थोडी उरते. ती पेटी बिघडल्याची खूण नाही. घोगऱ्या आवाजाला जाड अस्तर आणि जास्त वजन लागतं, एवढाच त्याचा अर्थ.

*चौथं काम : कंपन तोडणं.*

मोटर पेटीच्या तळाला थेट बोल्टने आवळली तर पेटीच ढोलक होते. पेटी घराच्या भिंतीला टेकली तर भिंत वाजायला लागते. घन पदार्थांतून ध्वनी हवेपेक्षा कितीतरी वेगाने आणि कमी घट होऊन जातो, हे आपण रुळाला कान लावायच्या उदाहरणाने शिकवतोच. (रुळाला कान कोणी खरोखर लावू नये, टेबलाला लावावा!) उपाय सोपा. यंत्र जाड रबराच्या पायांवर ठेवायचं, पेटीला कुठेही टेकू द्यायचं नाही. पाइप पेटीत शिरतो तिथे लवचीक नळीचा तुकडा घालायचा आणि भोवतीची जागा रबराने किंवा फोमच्या रिंगने भरायची. पेटी आणि घराची भिंत यांच्यामध्ये चार बोटं अंतर ठेवायचं.

आता खरी अडचण : हवा

इथपर्यंत वाचून एखादा हुशार मुलगा विचारेल, "सर, सगळ्या फटी बुजवल्या तर हवा जाणार कुठून?" त्याला शाबासकी द्या. पाठाचा गाभा त्याने पकडलाय.

यंत्र पाइपातून हवा पेटीत आणतं. कापडी पिशवी पेटीच्या आतच असेल तर गाळलेली हवा पेटीत भरते. तिला बाहेर पडायला वाट दिली नाही तर आत दाब वाढेल, पाइपातली ओढ कमी होईल, भुसा करवतीजवळच पडून राहील. मग पेटी शांत, पण यंत्र निकामी. ज्या छातीसाठी हे सगळं केलं तिचंच नुकसान.

वाट द्यायची तर भोक करावं लागतं, आणि भोक म्हणजे फट. दोन्ही कसं जमवायचं? हवा आणि ध्वनी यांच्या स्वभावातला फरक वापरायचा. हवेला वळण चालतं. वाट पुरेशी रुंद असेल तर ती दोन-तीन कोपरे वळूनही आरामात बाहेर जाते. ध्वनीही कोपऱ्यावरून थोडा वळतो, म्हणून तर शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं. पण बारीक आवाज कमी वळतो, आणि प्रत्येक वळणावर भिंतीला धडकतो. त्या भिंतीला लोकरीचं अस्तर असेल तर दर धडकेला त्यातला काही भाग गिळला जातो. म्हणून बाहेर जायची वाट सरळ ठेवायची नाही. पेटीच्या मागे किंवा डोक्यावर एक चपटी खोकेवजा वळणवाट करायची. आतलं तोंड एका टोकाला, बाहेरचं दुसऱ्या टोकाला, मध्ये आडव्या फळ्या, सगळ्यांना अस्तर. कुठूनही डोकावलं तरी आतली मोटर दिसता कामा नये. आरपार दिसलं की आवाजही आरपार जाणार.

रुंदी किती? समजा पाइपाचा व्यास १५ सेंटीमीटर आहे. त्याचं क्षेत्रफळ ३.१४ × ७.५ × ७.५ = सुमारे १७७ चौरस सेंटीमीटर. वळणवाट अस्तर सोडून आतून ३० × ३० सेंटीमीटर मोकळी ठेवली तर ९०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे पाइपाच्या पाचपट. पाइपात हवा सेकंदाला २० मीटर वेगाने धावत असेल तर इथे ती ४ मीटरवर येते. हळू हवा स्वतःचा आवाज करत नाही आणि यंत्राला ओझंही होत नाही. वाट अरुंद केली तर तिथेच शिट्टी वाजेल. नदी अरुंद घळीत खळाळते आणि पात्र रुंद झालं की शांत होते, तसंच हे.

उष्णता आणि आग, इथे तडजोड नाही

मोटरला दिलेल्या विजेतला काही भाग उष्णतेत जातो. दीड अश्वशक्तीची मोटर म्हणजे साधारण ११०० वॅट. तिच्या मागे दोन-अडीचशे वॅट उष्णता धरा. जुन्या १०० वॅटचे दोन-तीन दिवे लाकडी कपाटात पेटते ठेवल्यासारखं आहे. गाळलेली हवा मोटरवरून जाऊन वळणवाटेने बाहेर पडली तर ती ही उष्णता घेऊन जाते. म्हणून बाहेरचं तोंड मोटरच्या बाजूला, शक्यतो वरच्या भागात ठेवावं. सर्वसाधारण मोटर ४० अंश सेल्सिअसच्या परिसरासाठी बनवलेली असते. विदर्भात मे महिन्यात शेडमध्येच तेवढं तापमान ओलांडलं जातं. तिथे पेटीत एक साधा तापमापक टांगून पहिले काही दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने बघावं. उन्हाळ्यात दुपारी दार उघडं ठेवून काम करावं लागलं तरी चालेल. मोटर जळण्यापेक्षा आवाज परवडला.

लाकडाची बारीक धूळ पटकन पेट घेते. एखादा खिळा ओढला जाऊन पंख्यावर आदळला तर ठिणगी पडू शकते, आणि ती भुशात तासन् तास धुमसत राहू शकते. म्हणून काही नियम पक्के ठेवा :

- अस्तराला गादीचा किंवा पॅकिंगचा फोम वापरू नका. तो भसाभस पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. रॉकवूल जळत नाही.
- रॉकवूलचे धागे टोचतात आणि उडतात. लावताना हातमोजे, मास्क घाला. वर काचकापड ताणून बसवा.
- बटण आणि एमसीबी पेटीच्या बाहेर, हाताशी ठेवा. यंत्राला आणि लोखंडी पाइपाला अर्थिंग द्या.
- रोज काम संपल्यावर भुशाची पिशवी रिकामी करा. रात्रभर पेटीत भुसा ठेवू नका.
- शेडमध्ये अग्निशामक सिलिंडर आणि वाळूची बादली असू द्या.
- वायरिंगचं काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. मुलांना बघू द्या, हात लावू देऊ नका.

कामाचा क्रम

सुतारकाम येणाऱ्या पालकांना हे दोन सुट्टीच्या दिवसांत जमण्यासारखं आहे. आधी यंत्राचं माप घ्या, पिशवी फुगलेल्या अवस्थेत. सगळ्या बाजूंनी १०-१५ सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा, कारण पिशवी अस्तराला टेकली तर हवा गाळली जाणार नाही. मग सांगाडा, त्यावर बाहेरून प्लाय किंवा एमडीएफ, सांध्यांना सिलिकॉन. त्यानंतर वळणवाट. मग आतलं अस्तर. दार सगळ्यात शेवटी, कारण चौकट पक्की बसल्यावरच त्याचं माप खरं येतं. दार एवढं मोठं ठेवा की भुशाची पिशवी सहज निघेल. पिशवी काढायला कटकट झाली तर ती वेळेवर काढली जात नाही.

शेवटी एक सोपी तपासणी. अंधार करून पेटीत विजेरी लावून ठेवा आणि बाहेरून बघा. जिथून उजेड दिसेल तिथून आवाज येईल.

किती फरक पडेल?

घरी नीट बनवलेल्या पेटीकडून १० ते १५ डेसिबलची अपेक्षा ठेवावी. म्हणजे आवाज निम्म्यावर किंवा त्याहून खाली आल्यासारखा वाटेल. पूर्ण शांतता मिळणार नाही. पाइपाच्या तोंडाशी हवेचा आवाज राहतोच, तो पेटीच्या बाहेरचा आहे.

दुसरी गोष्ट कारागिराने समजून घ्यावी. रंधा मशीन चालू असताना कानाशी १०० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. त्यात यंत्राचे ८५ मिळवले तरी बेरीज १०० च राहते. म्हणजे त्या क्षणी पेटीचा त्याच्या कानाला काही उपयोग नाही, कानावर मफ हवेतच. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. याच हिशेबाने १०० पर्यंत गेलात तर पाव तास! हे उदाहरण सातवीच्या मुलांना सोडवायला द्या, आणि घरी बाबांना दाखवायला सांगा.

मग पेटीचा उपयोग कुठे? कापणं, रंधणं मिनिटा-दोन मिनिटांचं असतं, पण भुसा ओढणारं यंत्र मधल्या वेळातही चालू असतं, किंवा असायला हवं. हाताने घासाई करताना, माप घेताना, काम संपल्यावर धूळ बसेपर्यंत. त्या सगळ्या वेळात कानाला जाणवतो तो याचाच आवाज. तो सुसह्य झाला की माणूस ते बंद करायला धावत नाही.

वर्गात करून बघण्यासारखं

पेटी सगळ्यांकडे नसेल, पण हा प्रयोग कुठल्याही शाळेत होतो. साहित्य : मोबाइल, झाकणाचा स्टीलचा डबा, एक जाड पुठ्ठ्याचं खोकं, टॉवेल, आगकाडी, आवाज मोजायचं ॲप असलेला दुसरा मोबाइल. पहिल्या मोबाइलवर अलार्म लावा. दुसरा एक मीटरवर ठेवा, जागा बदलू नका.

१. मोबाइल उघडा ठेवून नोंद घ्या.
२. मोबाइल टॉवेलमध्ये गुंडाळा. (फक्त शोषण)
३. मोबाइल स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट. (फक्त अडवणं)
४. तेच, पण झाकणाखाली एक आगकाडी. (फट)
५. डब्यात खाली आणि बाजूंनी टॉवेल, झाकण घट्ट. (अडवणं, शोषणं, कंपन तोडणं)
६. पाचवीच मांडणी खोक्यात करून बघा, म्हणजे वजनाचा फरक कळेल.

मोबाइलच्या ॲपचा आकडा तंतोतंत नसतो, पण एकाच मोबाइलने घेतलेल्या नोंदींची तुलना करायला तो पुरेसा आहे. नोंदी घेण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. चौथ्या कृतीला बहुतेक जण "काडीने काय होतंय" असं लिहितील. आकडा बघितल्यावर चर्चा आपोआप सुरू होते. मोठ्या मुलांना पुढचा प्रश्न द्या : डब्यात हवा खेळती ठेवायची आहे, तर भोक कसं पाडाल? पुठ्ठ्याची वळणवाट मुलं स्वतः शोधून काढतात, आपण फक्त थोडं थांबायचं.

पालकहो, तुमच्या घरालगत असं काम चालत असेल तर मुलांना घेऊन एकदा शेडमध्ये उभे राहा, आणि आवाज कुठून येतोय ते कानाने शोधा. मोटरकडून, पत्र्यातून, की दाराच्या फटीतून? उत्तर सापडलं की कोणतं काम आधी करायचं ते कळेल. शिक्षक मित्रांनी आपल्या वर्गातल्या नोंदी जरूर कळवाव्यात. पुढच्या पाठात आपण याच धाग्यावरून वर्गखोलीतला घुमणारा आवाज कसा कमी करायचा, ते बघू.